उतारा

वाचा खालील उतारा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा.
बेळगुंदी, शाळेची मागची खोली, संध्याकाळचे साडेसहा.
दहावीची तेरा मुलं, नऊ झेरॉक्स,
आणि झेरॉक्सवर कुणाच्या तरी जुन्या पेन्सिलीच्या खुणा,
छापल्या गेलेल्या, आता खोडता न येणाऱ्या.

उताऱ्यात एक म्हातारा आहे, दीपगृहाचा राखणदार.
समुद्र आहे, धुकं आहे,
आणि एक जहाज, जे शेवटच्या ओळीपर्यंत येत नाही.
आमच्यात समुद्र एकट्या ज्योतिबाने बघितलाय.
मामासोबत रताळ्यांचा टेम्पो घेऊन
चोर्ल्याचा घाट उतरून गेला होता.
"वास येत होता सर, खरं मासळीचा का समुद्राचा कळंना."

पहिला प्रश्न सोपा. म्हातारा कुठे राहत होता?
प्रश्नातला शब्द घ्यायचा, उताऱ्यात बोट फिरवत शोधायचा,
सापडला की आजूबाजूचं सगळं उपटायचं
रताळ्यासारखं, वेलासकट, मातीसकट.
अर्थ नाही लागला तरी दोन मार्क कुठं जात नाहीत.
हे मीच शिकवलंय, चौदा वर्षं.
याची लाज वाटते मला मार्चपर्यंत.
मेमध्ये निकाल लागतो, मग वाटत नाही.

तिसरा प्रश्न मात्र असा उपटून येत नाही.
दिवा का विझवला नाही म्हाताऱ्याने?
उत्तर एका 'बट'च्या मागे बसलंय, अंग चोरून.
रेश्मा निंगाप्पा बिर्जे उठली,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
"जहाज आलं नाही, खरं तो दिवा लावतच राहिला."

पुण्याला बी.एड.ला असताना
माझ्या याच 'खरं'वर अख्खा वर्ग हसला होता.
पण म्हणा हो, पण. खरं म्हणजे ट्रू.
तेव्हापासून मी पण म्हणतो.
फळ्याजवळ, स्टाफरूममध्ये, बँकेत, फोनवर.

"सर," ज्योतिबा म्हणाला, "पुढं ट्रू का फॉल्स लिवायचंय.
ट्रू म्हंजे खरं, आन् बट म्हंजे बी खरंच.
मग वळखायचं कसं?"
हसले सगळे. मी डस्टर शोधत राहिलो.
डस्टर हातातच होतं.

सुटताना रेश्माने दप्तरातून एक कागद काढला.
"हाबी उताराच सर, शेताचा. कन्नडातला.
बाबांना येत नाही वाचाया, मीच वाचते."
निंगाप्पाचं लिंगाप्पा झालंय त्यात.
तलाठ्याने म्हणे सांगितलं, एका अक्षराने काय होतंय.
"ह्याच्या खाली प्रश्न नसतात बघा," ती म्हणाली,
आणि घडीवर घडी घालून कागद ठेवून दिला
इंग्रजीच्या वहीत, कारण तिला कव्हर आहे.

शेवटची बस आली. पाटी बघायला कुणी मान वर केली नाही,
आवाजावरून ओळखतात ती कुठली ते.

रात्री पेपर तपासले.
उत्तरसूचीत लिहिलंय, कारण ते त्याचं कर्तव्य होतं.
रेश्माने मोडक्या इंग्रजीत लिहिलंय,
कारण उताऱ्यात नाव नसलेलं पण कुणीतरी येत असेल.
स्पेलिंगच्या तीन चुका. क्रियापद तर नाहीच.
लाल पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं.
एक ठिपका पडला, नुसता ठिपका,
त्याला मार्क म्हणता येत नाही.

आई दारात आली. "जेवून आलास काय रे?"
"जेवलोय," मी म्हणालो, "खरं भूक आहे."

तिने कुठला अर्थ घेतला कोण जाणे.
तवा परत चुलीवर चढला.